मद्यबंदी असलेल्या बेटावर अंधार पडल्यानंतर करायचे काय?

गोकुळपेठकर यांचा प्रश्न

नमस्कार. डिसेंबरच्या अखेरीस नागपूरहून आम्ही सहा जण मालदीवला जाण्याच्या विचारात आहोत: मी व माझी पत्नी, माझा महाविद्यालयापासूनचा मित्र व त्याची पत्नी, आणि माझी धाकटी बहीण व तिची मैत्रीण. रिसॉर्टचे दर पाहिल्यावर तो विषय पहिल्याच बैठकीत मिटला आणि आता माफुशी, थुलुसधू किंवा अशाच एखाद्या वस्तीच्या बेटावर गेस्टहाऊस घ्यावे असे ठरत आले आहे. दिवसाची चिंता नाही. पाणी आहे, मासे आहेत, बोटी आहेत. अडले आहे ते संध्याकाळपाशी.

वस्तीच्या बेटांवर दारू मिळत नाही, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. आमच्यापैकी दोघेच घेतात आणि तेही प्रसंगानेच, त्यामुळे ती नसल्याने कोणाचे काही अडणार नाही. मात्र माझ्या मित्राचे म्हणणे असे की जिथे दारू नाही तिथे संगीतही नसणार, नाच नसणार, आठ वाजता दुकानांची दारे लागणार आणि एवढा खर्च करून आपण खोलीत मोबाइल पाहत बसणार. अंधार पडल्यावर त्या बेटांवर प्रत्यक्षात काय चालते, तिथल्या लोकांशी बसणे-बोलणे होते का, दोन्ही मुलींनी रात्री बाहेर फिरायला हरकत आहे का, आणि माफुशीच्या किनाऱ्यापासून दूर उभ्या असलेल्या ज्या बोटींवर दारू मिळते त्या खटाटोपाला काही अर्थ आहे का, हे ज्यांनी तिथे राहून पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे. सहल कंपन्यांची माहितीपत्रके माझी वाचून झाली आहेत.

मनीषनगरचा दर्यावर्दी

आपल्या मित्राची शंका रास्त आहे, पण त्यांनी रिसॉर्टची फूटपट्टी वस्तीच्या बेटाला लावली आहे. मालदीवमधील पर्यटन १९७२ मध्ये कुरुंबा या रिसॉर्टपासून सुरू झाले आणि पुढे जवळजवळ चार दशके तिथले धोरण असे होते की परदेशी पाहुण्यांनी निर्मनुष्य बेटांवरच्या रिसॉर्टमध्ये राहावे आणि नागरिकांनी आपापल्या बेटांवर. त्यामुळे दारू, डुकराचे मांस आणि समुद्रस्नानाचे तोकडे कपडे या तिन्ही गोष्टी वस्तीपासून दूरच राहिल्या. २००९-१० च्या सुमारास नियम बदलले, वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस उघडली आणि पाहुणे वस्तीत आले; दारू मात्र तिथे आली नाही. तेव्हा आपण ज्या बेटावर उतरणार आहात तिथली संध्याकाळ कोणी पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेली नाही. ती तिथल्या माणसांची आहे, आणि तिच्यात आपण आपली जागा शोधायची आहे.

तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असते आणि सूर्य वर्षभर सहाच्या आसपास मावळतो. मगरिबची अजान झाली की दुकाने पंधरा-वीस मिनिटे बंद होतात आणि पुन्हा उघडतात, आणि सात-सव्वासातच्या इशाच्या नमाजनंतर बेटाला खरी जाग येते. दिवसभर उन्हाने घरात बसलेली माणसे बाहेर पडतात. फुटबॉलच्या मैदानावर दिवे लागतात, आणि मैदान नसलेले वस्तीचे बेट माझ्या तरी पाहण्यात आले नाही. कडेला उभे राहिल्यावर कोणी ‘इंडिया?’ असे विचारले तर आपणच दक्षिण आशियाई फुटबॉलच्या सॅफ स्पर्धेचा विषय काढावा, कारण २००८ आणि २०१८ अशा दोन्ही अंतिम सामन्यांत त्यांनी आपल्याला हरवले होते आणि ते सांगताना त्यांना जो आनंद होतो त्यातून पुढचा तासभर सहज निघतो. हिंदी चित्रपट पाहून पाहून अनेकांना कामापुरती हिंदी येते, त्यामुळे भाषेची अडचण युरोपीय पाहुण्यांना जितकी भासते तितकी आपल्याला भासत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे चहाचे हॉटेल. आपण बसलो की पोऱ्या न विचारता टेबलावर चार-सहा बशा आणून ठेवतो: टूना व खोबऱ्याचे सारण भरलेली जाडसर मसरोशी, तेच सारण गोळ्यात भरून तळलेले गुल्हा, आपल्या समोशाच्या चुलतघराण्यातले बजिया, आणि माशाच्या तिखट वडीसारखे कुल्ही बोकिबा. जे खाल्ले त्याचेच पैसे लागतात, उरलेल्या बशा उचलून नेतात. या सगळ्याला मिळून हेधिका म्हणतात. बेटावर गाई-म्हशी नसल्याने चहातले दूध पावडरीचे किंवा डब्याचे असते, त्याची तयारी ठेवावी. तर्री पोह्यांवर पोसलेल्या जिभेला तिखटाचे मात्र काही नवल वाटणार नाही.

तिसरे म्हणजे बंदर. लोखंडी नळ्यांच्या चौकटीवर दोरीची जाळी ताणून केलेल्या बैठका, त्यांना जोआली म्हणतात, धक्क्याशेजारी ओळीने मांडलेल्या असतात. संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर नागपूर जसे काही कारण नसताना येऊन बसते, तसे अख्खे बेट तिथे येऊन बसलेले असते. फक्त गाड्यांचा गोंगाट नाही, आणि मालदीवमध्ये कुत्रे पाळण्यास व आणण्यास बंदी असल्याने भुंकणेही नाही. पहिल्या रात्री ही शांतता मला थोडी खटकलीच.

संगीताविषयी मित्राला निःशंक करावे. बोदुबेरू हा त्यांचा ढोलांचा प्रकार आहे: नारळाच्या लाकडाचे, कातड्याने मढवलेले मोठे ढोल, फेली नावाच्या लुंग्या नेसलेले दहा-पंधरा पुरुष, एक पुढे गाणारा आणि मागे साथ धरणारे बाकीचे. आरंभ इतका संथ असतो की हे असेच चालणार की काय, असे वाटते. मग लय चढत जाते आणि शेवटच्या काही मिनिटांत नाचणारा मान, खांदे, गुडघे सारे झोकून देतो. मोठ्या गेस्टहाऊसमध्ये आठवड्यातून एखाद्या रात्री हा कार्यक्रम ठेवतात आणि पाहुण्यांना हाताला धरून रिंगणात ओढतात. दारू प्यायलेला एकही माणूस नसलेल्या जागी एवढा बेभान नाच मी अन्यत्र, वारीचा अपवाद वगळता, पाहिलेला नाही.

आणि रात्रीची मासेमारी चुकवू नका. सूर्यास्ताला बोट निघते, प्रवाळाच्या कडेवर नांगर पडतो, आणि प्रत्येकाच्या हाती काठी नव्हे तर रिळाला गुंडाळलेली नुसती दोरी देतात. शिसे तळाला टेकल्याचे बोटाला कळते, मग दोरी हातभर वर घ्यायची आणि ती तर्जनीवरून सोडून गप्प बसायचे. मासा लागतो तेव्हा आधी दोन बारीक टिचक्या येतात आणि तिसऱ्या वेळी झटका. मिळालेला मासा गेस्टहाऊसवाले त्याच रात्री भाजून देतात, आणि जेवता जेवता दहा-साडेदहा कसे वाजले ते कळत नाही.

मानेवाड्याच्या ताई

दोन्ही मुलींविषयी विचारले आहे म्हणून लिहिते. मी एका मैत्रिणीसमवेत राहिले होते आणि रात्री दहानंतरही आम्ही दोघी बंदरापासून गेस्टहाऊसपर्यंत चालत येत असू. कोणी वाट अडवली नाही, मागे आले नाही, शेरा मारला नाही. लहान बेटावर प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, आणि पाहुण्याशी कोणी गैर वागले तर सकाळपर्यंत ते त्याच्या आईच्या कानावर गेलेले असते. राजधानी माले शहरात मात्र नेहमीची शहरी सावधगिरी बाळगावी.

कपड्यांचा नियम सोपा आहे. पर्यटकांसाठी कुंपण किंवा झापांचा आडोसा करून राखलेला जो किनारा असतो, त्याला तिथेही बिकिनी बीच असेच म्हणतात, तिथे हवे ते घालता येते. त्याच्या बाहेर पाऊल टाकले की खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. आपल्याकडच्या सुती कुर्ता-सलवारीत मला तिथे सर्वांत मोकळे वाटले. नवरा-बायकोने हातात हात घालून चालायला कोणाची हरकत नसते, त्यापुढचे प्रेमप्रदर्शन चारचौघांत टाळावे.

बायकांशी ओळख चहाच्या हॉटेलात होत नाही, कारण जुन्या पद्धतीची ती हॉटेले बहुतांशी पुरुषांचीच असतात; कुटुंबे आणि तरुण मुली नव्या कॅफेंमध्ये दिसतात. बायका भेटतात त्या उन्हे उतरल्यावर, मैदानावर. बाशी नावाचा त्यांचा खेळ मुद्दाम पाहावा: एक बाई जाळीकडे पाठ करून टेनिसच्या रॅकेटने चेंडू डोक्यावरून मागे फटकावते आणि पलीकडच्या बायका तो हातांनी झेलायला धावतात. चाळिशी-पन्नाशीच्या बायका डोक्यावरचा स्कार्फ सावरत ज्या जोराने चेंडू मारतात ते पाहून मी चाटच पडले. आम्ही नेलेली संत्रा बर्फी त्यांच्यात वाटली आणि त्यानंतर रोज बसायला जागा मिळाली.

एक गोष्ट मात्र मला अखेरपर्यंत रुचली नाही, आणि ती लिहिल्यावाचून राहवत नाही. आडोशाच्या आतल्या किनाऱ्यावर परदेशी बाई हवी तशी पोहते, आणि त्याच बेटावर जन्मलेली मुलगी पूर्ण कपड्यांत दुसऱ्या टोकाला पाण्यात उतरते. पाहुण्यांच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी आहे आणि त्यातून अनेकांच्या घरी चूल पेटते, हे मान्य आहे. तरी त्या झापांच्या भिंतीच्या कोणत्या बाजूला आपण उभ्या आहोत याचे भान तुमच्या बहिणीने आणि तिच्या मैत्रिणीने ठेवावे, एवढेच म्हणते. आणखी एक, कॅफेत किंवा गेस्टहाऊसवर चहा आणून देणारा मुलगा बऱ्याचदा बांगलादेशचा असतो, मालदीवचा नसतो. त्याच्याशीही दोन शब्द बोलावेत. त्याची संध्याकाळ आपल्यापेक्षा फार वेगळी असते.

सेवाग्रामवाला

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण ‘दारू नाही म्हणून सारे निर्मळ’ असा सूर त्यातून कोणी काढू नये म्हणून लिहितो. मी वर्धा जिल्ह्यातला आहे. आमच्याकडे १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बुटीबोरी ओलांडून नागपूरकडे येणारी मंडळी कशासाठी येतात हे नागपूरकरांना मी सांगायला नको. बंदीमुळे दारू संपत नाही, तिची जागा बदलते आणि किंमत वाढते.

माफुशीसमोरच्या बोटी हा त्याचाच प्रकार आहे. बेटाच्या हद्दीबाहेर बोट नांगरून ठेवलेली असते, धक्क्यावरून लहान होडी पाहुण्यांना नेते व आणते, आणि तिथे घेतलेले पेय बेटावर आणता येत नाही. गोकुळपेठकरांनी अर्थ आहे का असे विचारले आहे, तर माझे मत असे की एखाद्या संध्याकाळी सूर्यास्त पाहायला जावे, एक पेला घ्यावा आणि परत यावे. हलणाऱ्या बोटीच्या वरच्या मजल्यावर जगातील कोणत्याही विमानतळावर ऐकू येईल असे संगीत ऐकत चार तास काढायचे असतील, तर त्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज नाही. सहा जणांत दोघेच घेणारे असतील, तर बाकीचे चौघे तिथे अक्षरशः ताटकळतील. ज्यांना एक दिवस सारेच हवे आहे त्यांच्यासाठी जवळच्या रिसॉर्टचा दिवसाचा पास हा अधिक सरळ मार्ग आहे. महाग आहे, पण त्यात जेवण, पेये, तरणतलाव सर्व एकदम येते आणि संध्याकाळी आपण बेटावर परत.

विमानतळावरील शुल्कमुक्त दुकानातून बाटली नेण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडून द्यावा. तिथे उतरल्यावर सामान क्ष-किरण यंत्रातून जाते, बाटली काढून घेतात, पावती देतात आणि परतताना परत करतात. ई-सिगारेटवर तर २०२४ च्या अखेरीपासून सरसकट बंदी आहे. तसेच २००७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तंबाखूजन्य पदार्थ विकायला नोव्हेंबर २०२५ पासून मनाई आहे आणि हा नियम पाहुण्यांनाही लागू आहे. खर्ऱ्याच्या पुड्या खिशात घालून निघणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आणि जिथे दारू नाही तिथे व्यसन नाही, असेही नाही. मालेतील तरुणांमध्ये ब्राऊन शुगरचे व्यसन हा त्या देशाचा जुना आणि उघडपणे चर्चिला जाणारा प्रश्न आहे. पाहुण्याला त्याची झळ लागत नाही, पण बंदरावर निवांत बसलेल्या वडीलधाऱ्यांशी गप्पा थोड्या खोल गेल्या की मुलांच्या काळजीचा विषय निघतो, जसा तो आमच्याकडे पारावर निघतो.

जरीपटका ते जेसेरी

एवढे पैसे घालून देशाबाहेर जाण्यापूर्वी लक्षद्वीपचा विचार केला आहे का? तिथेही दारूबंदी आहे, बंगारामचे निर्मनुष्य पर्यटनबेट तेवढे अपवाद. छत्तीस बेटांपैकी दहांवर वस्ती आहे, प्रवेशाचा परवाना आधी काढावा लागतो आणि जहाज कोचीहून निघते.

संध्याकाळचा अनुभव मात्र कोणता प्रवास निवडता यावर अवलंबून आहे. जहाजाच्या सहलीत दिवस कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय यांपैकी एकेका बेटावर जातो आणि रात्र जहाजावरच, म्हणजे बेटाचे रात्रजीवन आपल्याला दिसतच नाही. दिसतात ते डेकवर अंताक्षरी खेळणारे आपलेच सहप्रवासी. बेटावर मुक्काम मिळाला तर तिथली परिचकळी व कोलकळी ही लोकनृत्ये पाहता येतात. मिनिकॉयचे लोक मालदीवच्या भाषेचीच बोली बोलतात आणि तिथला लावा नाच प्रसिद्ध आहे. बाकीच्या बेटांवर जेसेरी ही मल्याळमची बोली चालते. पर्यटनासाठी दारू खुली करावी का, यावर तिथे २०२१ पासून बराच वाद झाला आणि रहिवाशांनी कडाडून विरोध केला, हे लक्षात घेतले म्हणजे ही बंदी त्यांच्यावर बाहेरून लादलेली आहे असा आपला समज राहत नाही. सोयी मालदीवपेक्षा कमी आहेत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. सहा जणांत दोघी तरुण मुली आणि एक साशंक मित्र असतील, तर या खेपेस मालदीवच बरे पडेल.

गोकुळपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. मित्राला हे सर्व वाचून दाखवले. ढोलाचे वर्णन ऐकल्यावर त्याची तक्रार निम्मी झाली. दोन शंका उरल्या आहेत. बहीण पूर्ण शाकाहारी आहे, तिचे कसे होईल? आणि माफुशी घ्यावे की एखादे शांत बेट? पत्नी प्रवासात गणपतीची लहान मूर्ती सोबत ठेवते, त्याबाबतही काही नियम आहे का?

मनीषनगरचा दर्यावर्दी

मूर्ती घरीच ठेवावी. पूजेच्या मूर्ती देशात आणण्यास तिथे मनाई आहे आणि सामान तपासताना त्यावरून विनाकारण खोळंबा होतो.

शाकाहाराची अडचण होते ती चहाच्या हॉटेलात, कारण हेधिकातील बहुतेक पदार्थांत टूना असतो आणि बाहेरून पाहून तो ओळखू येत नाही, विचारूनच उचलावे. गेस्टहाऊसवर आदल्या दिवशी सांगितले तर डाळ, भात, भाजी आणि रोशी, म्हणजे त्यांची पोळी, मिळते. सकाळच्या न्याहारीतला मास हुनी हा खोबरे-कांद्यात कालवलेला टूनाच असतो, म्हणून तिच्यासाठी नुसते खोबरे-कांदा वेगळे काढायला सांगावे.

बेटाविषयी माझा सल्ला असा की पहिल्या दोन रात्री माफुशीत काढाव्यात, कारण ते मालेपासून वेगवान बोटीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे, तिथे उपाहारगृहे, दुकाने आणि सोबतीला देशोदेशीचे पाहुणे भरपूर असतात, आणि मित्राला त्या बोटीवर एकदा जाऊन येता येईल. त्यानंतरचे दिवस लहान बेटावर काढावेत. फुलिधू मला स्वतःला अधिक आवडते. संध्याकाळी पाकट (स्टिंगरे) मासे किनाऱ्यालगतच्या गुडघाभर पाण्यात येतात आणि बोदुबेरूची परंपरा तिथे चांगली टिकून आहे. व्हेल शार्क पाहण्याची मुलींना हौस असेल तर धिगुराह, समुद्रलाटांवर फळी घेऊन उतरायचे असेल तर थुलुसधू. पाहुणे जितके कमी तितकी बेटावरच्या लोकांशी ओळख लवकर होते, आणि करमणुकीची तयार व्यवस्था तितकीच कमी, हा सौदा सहाही जणांना आधी नीट समजावून सांगावा.

गेस्टहाऊसच्या दरात हरितकर (पर्यटकांवरचा ग्रीन टॅक्स) धरला आहे का, ते लेखी विचारावे. २०२५ पासून पन्नास किंवा त्याहून कमी खोल्यांच्या ठिकाणी तो माणशी रात्रीला सहा डॉलर आहे आणि सहा जणांचा हिशेब बऱ्यापैकी होतो. बेट बदलण्याचा दिवस शुक्रवारी ठेवू नये. त्या दिवशी सरकारी फेरीबोटी साधारणतः नसतात, खासगी स्पीडबोटींच्या फेऱ्याही दुपारच्या नमाजभोवती आखलेल्या असतात, आणि सहा जणांचे सामान घेऊन बंद दुकानांसमोर बंदरावर बसावे लागते.